‘कोण म्हणते?’वाल्या बाई

आमच्या डेपोत तीन घड्याळं होती आणि तिन्ही वेगळी वेळ सांगायची. गेटवरचं पुढे, कारण उशिरा येणाऱ्याला पकडायचं. गोदामातलं मागे, कारण जेवणाची सुट्टी लांबवायची. ऑफिसातलं बंदच. नव्या कमांडर बाई पहिल्या दिवशी आल्या, तिन्हींकडे मान वर करून बघितलं आणि म्हणाल्या, “यातलं खरं कोणतं, ते राहू द्या. खरं कोणतं हे ठरवते कोण?” गोदामातले जुने स्टोअरकीपर, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो, ते माझ्या कानाशी पुटपुटले, “ह्या बाईचा काय खरा न्हाय, पोरी. जपून ऱ्हा.”

डेपो नौदलाचा. कुठला ते सांगत नाही. रायगडचा किनारा, रेवदंड्याकडून येणारी रिक्षा जिथं आत वळते त्याच्या पुढे, इतकंच. मी तिथं कंत्राटावर, कॉम्प्युटरवर मालाची माहिती भरायला. आमच्या घरात बाबांपर्यंत सगळ्यांचे पाय मिठागरात गेले. पदवी घेतलेली मी पहिली, तीही रसायनशास्त्रात, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

बाई मूळच्या अमरावतीकडच्या. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरी लागल्यावर, असं त्या स्वतःच सांगत. बोलणं शुद्ध, पण चिडल्या की वऱ्हाडी बाहेर यायचं. कुणी काहीही सांगितलं की एकच प्रश्न, “कोण म्हणते?” छत गळतंय, कोण म्हणते? माल संपला, कोण म्हणते? एकदा शिपायानं चहा आणला आणि म्हणाला, साखर कमी आहे. “कोण म्हणते?” तो बिचारा म्हणाला, “मॅडम, मीच पिऊन पाहिला.” बाईंनी तो कप त्यालाच दिला आणि दुसरा मागवला. आठवड्याभरात त्यांचं नाव पडलं, कोण-म्हणते बाई.

त्यांचं काम वरून आलेलं होतं. एवढं मोठं नौदल, एवढी बंदरं, आणि एकाच वस्तूला दहा नावं. एकीकडे जी रिंग, ती दुसरीकडे सील, तिसरीकडे पॅकिंग. इथं माल सडतोय आणि तिथं बोट त्याच मालावाचून उभी. म्हणून वस्तू एक, नाव एक, नंबर एक, आणि ती माहिती बरोबर आहे म्हणणारा माणूसही एक. ऐकायला चांगलं आहे. पण नावं वेगळी का होती, हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं. मामांनी चांगल्यातल्या चांगल्या रबरी रिंगा ‘किरकोळ रबर’ म्हणून लिहून ठेवल्या होत्या. खऱ्या नावानं लिहिल्या असत्या, तर मोठ्या बंदरानं केव्हाच उचलल्या असत्या.

“एकदा का सगल्यांना सगला दिसला, का आपला डेपो रिकामा,” मामा म्हणायचे. “मंग टाला.” टाळं म्हणजे आमच्या सगळ्यांच्या पोटावर. त्यामुळे बाई गोदामातून चालल्या की माणसं खोक्यांसमोर उभी राहायची, कोंबडी अंड्यांवर बसते तशी.

मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, “म्हात्रे, तुला केमिस्ट्री कुणी शिकवली?” मला वाटलं, पदवीवर संशय घेताहेत. मी म्हटलं, “मॅडम, सर्टिफिकेट आणू?” त्या म्हणाल्या, “आण.” मी आणलं. त्यांनी उलटंपालटं करून पाहिलं, उजेडात धरलं आणि परत दिलं. चांगलं आहे म्हणाल्या नाहीत, वाईट आहे म्हणाल्या नाहीत. घरी जाईपर्यंत मी धुमसत होते.

खरा घोळ झाला तो जबाबदार माणसाच्या रकान्यावरून. प्रत्येक जातीच्या मालासमोर कुणाचं तरी नाव हवं होतं, आणि नाव लावायला कुणी तयार नव्हतं. नाव म्हणजे फास, उद्या काही चुकलं की ओढणार. साहेब लोक रजेवर जाऊ लागले. बाईंनी रबराच्या मालासमोर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. “तू लाव.”

मामा मला बाहेर घेऊन गेले. “कंत्राटी पोर गावली त्यांना. बोकड सजवतात नं, तशी सजवतील. तुजा कंत्राट कदी संपतंय?”

“पुढच्या महिन्यात.”

“मंग झाला.”

मलाही तेच वाटत होतं. पण स्क्रीनवर माझं नाव, मधे बाबांचं नाव, मग आडनाव, असं ते सगळ्या बंदरांत दिसणार होतं. मी लावलं. हौस म्हणा, माज म्हणा.

दोनच आठवड्यांत प्रसंग आला. मुंबईहून पाहणी होणार होती आणि आमच्या स्टोअरच्या साहेबांना दुहेरी नोंदी कमी करून दाखवायच्या होत्या. त्यांनी दोन रिंगांच्या नोंदी एकाच नावाखाली घालायला माझ्याकडे पाठवल्या. आकार सारखा, रंग सारखा. पण एक पाण्याच्या पंपाची, दुसरी डिझेलच्या. पाण्याची रिंग डिझेलमध्ये फुगते, आणि मग बोट भर समुद्रात बंद पडते. मी नकार दिला. माझं नाव असल्यामुळे माझ्या होकाराशिवाय ते पुढे जाईना. साहेब टेबलाशी येऊन गोड आवाजात म्हणाले, “कंत्राट वाढवायची फाईल माझ्याकडेच येते हां.”

बैठकीत बाईंनी विचारलं, “ही नोंद अडवली कोणी?” सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मामांनी डोळे मिटले.

“मी.”

“दोन्ही वेगळ्या आहेत, हे कोण म्हणते?”

“मी म्हणते.”

साहेब हसले. “मॅडम, ती कंत्राटी आहे.”

“नाव तिचं आहे नं तिथं? तुम्ही काहून नाही लावलं? तेव्हा तर रजेवर होते तुम्ही.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुझा अधिकार मान्य. तुझं म्हणणं अजून मान्य नाही. रिंगा घेऊन ये.”

त्यांनी दोन बरण्या मागवल्या, दोन्हींत डिझेल, एकेकीत एकेक रिंग. बरण्या स्वतःच्या कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं आणि चावी खिशात टाकली. माझ्यावरही विश्वास नाही, साहेबांवरही नाही. आठवडाभर मला जेवण गोड लागलं नाही. पुस्तकात असतं ते बरणीत होतंच असं नाही. शेवटी कपाट उघडलं. एक रिंग होती तशी, दुसरी मेदूवड्यासारखी फुगलेली. बाई म्हणाल्या, “बरं,” आणि पुढच्या कामाला लागल्या.

माझं कंत्राट वाढलं. आभार मानायला गेले तर म्हणाल्या, “तुझ्यासाठी नाही केलं. पहिल्याच नावाला वाकू दिलं असतं, तर दुसरं कोणी लावलं नसतं.” खरंच, त्यानंतर नावं लागत गेली. मामांनीही ‘किरकोळ रबर’ स्वतःहून खऱ्या नावावर चढवलं. आणि मोठ्या बंदरानं त्यातलं अर्धं उचललं. “बोललो व्हतो का न्हाय?” मामा म्हणाले. बाईंनी नाही म्हटलं नाही. माल जाणार नाही, असं वचन त्यांनी कधी दिलंच नव्हतं. डेपोला टाळं लागलेलं नाही. अजून तरी.

पुढे त्यांची बदली झाली, पूर्व किनाऱ्यावर. निरोपाच्या चहाला मामा स्वतः कप घेऊन आले. “मॅडम, साखर बरोबर हाय.” बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, काही न विचारता पिऊन टाकला. मामांच्या ते मनाला लागलं. “इचारला न्हाय,” दिवसभर म्हणत होते.

गेल्या महिन्यात स्क्रीनवर एक हरकत आली. त्याच दोन रिंगा. या वेगळ्या आहेत, याचा पुरावा काय? खाली पाठवणाऱ्याचं नाव बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. कमांडर बाई! ज्यांनी स्वतःच्या कपाटात, स्वतःच्या कुलपात पाहिलं, त्यांनीच विचारावं? मी तावातावानं उत्तर टाइप केलं, “मी म्हणते.” पाठवायला बोट उचललं आणि थांबले. मधल्या काळात रबर पुरवणारा बदलला होता.

मामांना हाक मारली. “मामा, दोन बरण्या द्या. आणि डिझेल.”

“आता कनाला? म्हाईत हाय नं तुला?”

“कोण म्हणतं?” मी म्हटलं, आणि कपाटाची चावी शोधायला लागले.