पहिलं वाक्य

अण्णा गेल्याची तार गंगाखेडला माझ्या सासरी आली तेव्हा मी भाकऱ्या करत होते. तव्यावरची पुरती भाजली, मग उठले. सख्खा भाऊ होता माझा. लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

अण्णा परभणीच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. पेडगावच्या घरी बैठकीच्या भिंतीवर त्यांनी काळा चौकोन रंगवून घेतला होता. संध्याकाळी त्यावर तीन वाक्यं लिहायचे. पहिली दोन खरी धरली तर तिसरं त्यातून निघतं का, एवढंच मी सांगायचं. निघालं तर वैध, नाही तर अवैध. "पहिली दोन खरी का खोटी, हे आपलं काम न्हाई," असं बजावायचे. सगळ्या बैलांना शिंगं असतात, याला शिंगं आहेत, म्हणून हा बैल... "अवैध! बोकड बी असंल की," मी चुलीपासून ओरडायची. मित्र चहाला आले की मला मुद्दाम बोलवायचे. "आमची कुसुम चुकत न्हाई." तेवढ्या शाबासकीसाठी मी काहीही केलं असतं.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी औरंगाबादला शिक्षिकेच्या कोर्सला माझं नाव लागलं. वसतिगृहात राहावं लागणार होतं. मी हातापाया पडले. अण्णांनी खडू उचलला. 'बाहेरगावी शिकायला राहणाऱ्या सगळ्या मुली घराची अब्रू घालवतात. कुसुम बाहेरगावी शिकायला राहणार. म्हणून कुसुम घराची अब्रू घालवणार.'

"वैध का अवैध?"

मी तिन्ही ओळी उलटसुलट तपासल्या. चूक काही सापडेना. "वैध," म्हणाले.

"ऐकलंस माय?" अण्णा आईकडे वळले. "तिनंच सांगितलं."

त्याच उन्हाळ्यात माझं लग्न उरकलं. पुढे पंचमीला माहेरी गेले, मूल कडेवर होतं. "अण्णा, तुमचं पहिलं वाक्यच खोटं होतं," मी म्हणाले. ते मनापासून हसले. "मला तवाच ठावं होतं. तू इचारलंस कुठं?" ...माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जायच्या आदल्या वर्षी त्यांनी स्वतःची मुलगी औरंगाबादला वसतिगृहात ठेवली. आता अब्रूचं काय, हे मी विचारलं नाही. विचारून माझं वय थोडंच मागे जाणार होतं?

तेराव्याला त्यांचे विद्यार्थी आले. काळ्या चौकोनावर सुरेख अक्षरात लिहून त्याला हार घातला. 'सर्व गुरू शिष्याचं भलंच चिंततात. सर आमचे गुरू होते. म्हणून सरांनी आमचं भलंच चिंतलं.' वहिनी डोळे पुसत म्हणाली, "ताई, तुमाला त्यातलं कळतंय. बरोबर हाय न्हवं?"

"वैध हाय," मी म्हणाले. "पण पहिलं वाक्य खोटं हाय. त्यांची पहिली शिष्या मी."

आणि पदराने तेवढी ओळ पुसली. भाची मुसमुसायला लागली. तिची दया आली, पण हात थांबला नाही.

पदराला लागलेला खडू मी गंगाखेडला येऊन दगडावर आपटून धुतला. खालच्या दोन ओळी वहिनी कुणाला पुसू देत नाही म्हणे. हारही तसाच आहे, सुकलेला... वरची ओळ मात्र अजून कुणी पुन्हा लिहिलेली नाही.