अक्कांच्या पिस्तुलाची मूठ

सिद्धेश्वरीअक्कांचं पिस्तूल मी पाडलं. घाबरू नका, रिकामं होतं. छऱ्याचं, नेमबाजीच्या स्पर्धेतलं. त्यांच्या क्लबात पहिल्यांदाच गेलो होतो. म्हटलं, हातात धरून एक फोटो काढावा. पण ती लाकडी मूठ माझ्या हातात बसेचना. अंगठ्याच्या जागी बोटं जात होती, बोटांच्या जागी अंगठा. या झटापटीत पिस्तूल निसटलं आणि शहाबादी फरशीवर मूठ उभी चिरली.

"रविवारी पुण्याला निवड चाचणी हाय," अक्का एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अक्का आमच्या शेजारी राहतात. माहेर दुधनीचं; घरात कन्नड, दारात मराठी. पोस्टातून निवृत्त झाल्यावर बायका भिशी धरतात, यांनी नेम धरला. गेल्या वर्षी निवड थोडक्यात हुकली. तेव्हापासून त्यांच्या घरात 'थोडक्यात' हा शब्द कुणी काढत नाही.

नवी मूठ मागवायचं मी अंगावर घेतलं. त्यांच्याच ओट्यावर बसून पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला. त्यानं विचारलं, "कुठल्या हाताची?"

अक्का आत भाकरी थापत होत्या. मी ओरडलो, "अक्का, मूठ कुठल्या हाताची?"

आतून आवाज आला, "येडा! येडा!"

माझे पराक्रम बघता मला ते रास्तच वाटलं. फोनमध्ये हळूच म्हणालो, "उजव्याच हाताची पाठवा. बाई चिडल्यात." पलीकडे तो हसला.

शुक्रवारी खोकं आलं. चिकटपट्टी कापता कापता अक्का म्हणाल्या, "डाव्या हाताची सांगितलीत न्हवं?"

"डाव्या?"

"येडा म्हटलं की मी! कन्नडात डावा म्हंजे येडा. तव्यावर भाकरी असली की मला मराठी सुचत न्हाय."

"पण तुम्ही डावखुऱ्या कधीपासून? जेवता उजव्या हातानं, सही उजव्या हातानं..."

"जन्मापासून! डाव्या हातानं वाढलं की आजी उलथनं हाणायची. पोस्टात शिक्केसुद्धा उजव्यानंच मारले. क्लबात पयल्यांदा कुणीतरी इचारलं, तुमचा हात कुठला? लई बरं वाटलं बघा."

आणि मी उजव्या हाताची मूठ मागवून बसलो होतो! अक्कांनी खोकं उघडलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

"डावीच हाय की," अक्का म्हणाल्या.

मी लगेच दुकानदाराला फोन लावला. तो निघाला कलबुर्गीचा, घरी कन्नडच बोलणारा. म्हणाला, "आतून अक्का येडा म्हणत होत्या की! मूठ त्यांची का तुमची?"

अक्कांनी स्क्रू काढून चिरलेली मूठ उतरवली, नवी सरकवली, स्क्रू आवळला. अंगठ्याच्या बुडाशी जरा टोचत होतं, तिथं पॉलिश पेपर फिरवला. मग डोळे मिटून डावा हात उचलला आणि उघडून पाहिलं. नळीच्या टोकावरची नेमाची माशी बरोबर मागच्या खाचेत. खाली ठेवलं, पुन्हा उचललं. पुन्हा खाचेत. त्यांनी एवढा लांब श्वास सोडला की भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

"बसली!" अक्का हसल्या. चार दिवसांत पहिल्यांदाच.

माझाही जीव भांड्यात पडला. आनंदाच्या भरात मी हात पुढे केला, "द्या की जरा इकडं, बघू तरी कशी झालीय!"

"लांबून बघा."