मधला भाग

आमच्या आप्पांना इतिहासाचं वेड होतं असं सांगितलं की लोक कौतुकानं माना डोलावतात. त्यांना आमच्या घरी जेवायला बसावं लागत नव्हतं. आप्पा भाकरी मोडायचे, तिचे तुकडे ताटाच्या कडेनं मांडायचे आणि कुठल्या खिंडीतून कुणाचं घोडदळ उतरलं ते दाखवायचे. तोवर आमटी गार व्हायची आणि आई उठून जायची.

आप्पा, म्हणजे मानसिंग, लष्करातून हवालदार होऊन पेन्शनीत आलेले. सांगलीपासून सायकलच्या अंतरावर कृष्णाकाठी आमचा ऊस. पण उसाला पाणी पाजण्यापेक्षा त्यांचा जीव रविवारच्या बैठकीत. सांगलीच्या हळदपेठेत नाथाजींची पेढी होती. नाथाजी हळदीचे व्यापारी, आणि तेही याच वेडातले. रविवारी बाजार बंद, म्हणून पेढीच्या गादीवर सहा-सात इतिहासवाले जमायचे. तिथं गेलेलं पुस्तक घरी आलं की त्याला आठवडाभर हळदीचा वास यायचा.

बैठकीची रीत ठरलेली होती. नाथाजी एकेकाकडं वळून विचारायचे, "सध्या काय वाचताय?" ज्यानं त्यानं आपलं पुस्तक काढायचं, काय वाचलं ते सांगायचं आणि पुस्तक मध्ये चटईवर ठेवायचं. ज्याला आवडेल त्यानं ते उचलून घरी न्यायचं, आणि वाचून झाल्यावर त्यानंच त्याच्याबद्दल बोलायचं. कुणी नाही उचललं तर मालकानं मुकाट्यानं आपल्या पिशवीत परत घालायचं.

आबांच्या पुस्तकाचं नेहमी असंच व्हायचं. आबा पोस्टातले निवृत्त कारकून, मूळचे मेढ्याचे. छप्पन साली आईबापांबरोबर बौद्ध झालेले, आणि त्यांच्या पिशवीत पुस्तकं असायची ती आपल्या माणसांच्या इतिहासाची. सांगायचे फार छान. सगळे मन लावून ऐकायचे, "वा आबा" म्हणायचे. मग किल्ल्यांची पुस्तकं हातोहात उचलली जायची, लढायांची तर ओढाओढ व्हायची, आणि आबांचं पुस्तक चटईवर राहायचं. यात कुणी काही वाईट बोललं नाही, हेच त्यातलं वाईट. आबांना दुसरं काही नको होतं. आपण वाचलेलं बैठकीतल्या एकानं तरी वाचावं आणि त्याबद्दल आपल्याशी भांडावं, एवढंच.

चौऱ्याण्णव साली आबांनी एक बारीकसं पुस्तक आणलं. जावळीकडच्या एका सुभेदारानं पदरमोड करून छापलेलं. एके काळी पलटणीत नाव काढलेल्या आबांच्या लोकांची भरती इंग्रजांनी बंद केली, मग पेन्शनीतल्या शिपायांनी सरकारदरबारी अर्ज केले, त्याची हकीकत. आबांचे आजोबा त्या पलटणीत होते. आबांनी ते पुस्तक चटईवर ठेवलं. कुणी उचललं नाही. पुढच्या रविवारी त्यांनी तेच परत आणलं. त्याच्या पुढच्या रविवारीही.

तेव्हा आप्पांनी ते उचललं. वाचायची इच्छा झाली म्हणून नव्हे. घरी येऊन मला म्हणाले, "बिचारा दर आयतवारी तेच घिऊन येतोय गं. बघवंना." मला तेव्हाच ते खटकलं होतं. पुस्तक काय, कुणाच्या दारातलं उपाशी पोर आहे का उचलून आणायला? पण आप्पांना वाटलं, आपण फार मोठं मन दाखवलं.

आबांना मात्र कोण आनंद झाला. पेढीच्या पायरीपर्यंत ते आप्पांबरोबर आले आणि म्हणाले, "मानसिंगराव, मधी एक गंमत हाय. आत्ता सांगत न्हाई. तितं पोचलासा की मला सांगा."

पुस्तक आमच्या घरी रेडिओवर जाऊन बसलं. त्याच्यावर चष्म्याचं घर आलं, मग पंचांग आलं, मग विजेची बिलं. आप्पा आपले जाडजूड मोहिमांमध्ये रमलेले. मी विचारलं की म्हणायचे, "त्यात काय आसंल ते म्हाइत हाय मला. पलटणीत मी सोता न्हवतो व्हय?" ज्या माणसानं पंधरा वर्षं लष्कराची वर्दी घातली, त्याला ज्यांची वर्दी काढून घेतली त्यांचं काय झालं हे वाचावंसं वाटू नये, याचा मला अजून राग येतो. आणि पोटात तुटतंही, कारण आप्पा मनानं दुष्ट नव्हते. त्यांना फक्त कुतूहल नव्हतं, आणि ते नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आबा दर रविवारी विचारायचे, "कुठवर आलं?" आप्पा म्हणायचे, "चाललंय." दोनतीन महिने असे गेले, आणि मग रीतीप्रमाणे नाथाजींनीच विचारलं, "मानसिंगराव, आबांच्या पुस्तकाचं सांगा की आता."

आप्पांना मधल्या गमतीची आठवण झाली. इतिहासाच्या पुस्तकात मध्ये गंमत म्हणजे लढाईच असणार, असं त्यांनी धरलं आणि दिलं ठोकून. "सुरवातीला जरा संथ हाय. पर मधला भाग लय जोरात. वाचताना अंगावर काटा आला माझ्या."

आबांनी चष्मा काढला, पुसला. "मधला?"

"व्हय, मधलाच. त्यो भाग सोडून न्हाई चालायचा."

"बरं झालं वाचलंसा," आबा म्हणाले.

आप्पा खुशीत घरी आले आणि आपण कसं निभावून नेलं ते आम्हाला रंगवून सांगितलं. त्यानंतर आबांनी "कुठवर आलं" असं कधी विचारलं नाही. बैठकीला मात्र ते येत राहिले. आपली पाळी आली की काय वाचतोय ते तोंडी सांगायचे, पण पिशवीतून पुस्तक काढायचे नाहीत. आप्पांना त्यात काही वेगळं दिसलं नाही. दिसेल कसं, सगळं लक्ष चटईवरच्या दुसऱ्या पुस्तकांकडं.

शहाण्णवच्या दिवाळीनंतर आबा गेले. हृदयाचं दुखणं होतं, सांगलीतच गेले. त्यांच्या मुलाची, प्रबुद्धची, नोकरी मेढ्यात होती, तो आईला, म्हणजे बाळाबाईंना, गावी घेऊन गेला. आप्पांना फार लागलं ते. आठ दिवस भाकरीचे तुकडे नुसतेच खाल्ले गेले. मग एका दुपारी त्यांनी रेडिओवरचं ओझं बाजूला करून पुस्तक काढलं. म्हणाले, "परत तर द्याय पायजे. निदान वाचून देतो."

मी ओसरीत शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासत होते. आप्पा सोप्यात वाचत होते. बराच वेळ पान उलटल्याचा आवाज आला नाही म्हणून मी वर बघितलं. त्यांनी उठून येऊन पुस्तक माझ्यापुढं धरलं आणि म्हणाले, "ह्ये काय हाय बघ गं."

डाव्या पानावर पेन्शनीतले शिपाई सरकारला लिहीत होते की आमच्या बापजाद्यांनी रक्त सांडलं असता आमची भरती… तिथं पान संपलं होतं. उजवं पान म्हणत होतं, छाटणी झाल्यावर बोर्डो मिश्रणाची फवारणी करावी, म्हणजे केवडा रोग येत नाही. छापखान्यात पुस्तक बांधताना दुसऱ्याच पुस्तकाची सोळा पानं मध्ये शिवली गेली होती. पुढं द्राक्षबागच द्राक्षबाग, वेलींच्या आकृत्यांसकट. आणि कोपऱ्यात आबांच्या पोस्टातल्या सुबक अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं होतं, "वाचकहो, इथे द्राक्षं लागली आहेत. तोडू नये. सोळा पानं ओलांडून पुढे यावे."

मी खदखदून हसले. मग आप्पांच्या तोंडाकडं बघितलं आणि हसू जिरलं. अंगावर काटा आला, असं ते याच पानांबद्दल भर बैठकीत म्हणाले होते.

"म्हंजी त्येला तवाच कळलं," आप्पा म्हणाले. "आन् त्यो म्हणला, बरं झालं वाचलंसा."

त्यांनी उरलेलं पुस्तक संध्याकाळपर्यंत वाचून काढलं. रविवारी बैठकीत नाथाजींनी विचारल्यावर त्यांनी तेच चटईवर ठेवलं. हंबीरराव वकील म्हणाले, "अहो, हे तुमचं मागंच वाचून झालं ना?"

"न्हाई. तवा खोटं बोललो. आत्ता वाचलं." मग त्यांनी सगळं सांगितलं, द्राक्षंसुद्धा. कुणी हसलं नाही. नाथाजी म्हणाले, जाऊ द्या, कुणी मुद्दाम थोडंच केलं. वकील छताकडं बघत राहिले. बैठक उठली तेव्हा बाकीची पुस्तकं गेली होती आणि आबांचं तिथंच होतं. आप्पांनी ते वाकून उचललं आणि आपल्या पिशवीत घातलं.

त्याच आठवड्यात आम्ही मेढ्याला निघालो. सांगलीहून सातारा, साताऱ्याच्या स्टँडवर गाडी बदलून मेढा. आप्पांनी साताऱ्यात कंदी पेढे घेतले. गाडीत ते आपलं बोलणं घोकत होते. पुस्तक द्यायचं आणि बाळाबाईंना स्पष्ट सांगायचं, की वहिनी, मी तुमच्या माणसाला फसवलं, माफ करा.

बाळाबाईंनी आम्हाला बघितलं आणि आबा गेल्यावर कुणी सांगलीहून आलंय याचंच त्यांना अप्रूप वाटलं. आत चहा ठेवून त्या बाहेर आल्या. आप्पांनी पिशवीत हात घातला, पण त्यांच्या आधी बाळाबाईच बोलल्या.

"भाऊजी, तुमची लय आठवन काढायचे ह्ये. एवढी वर्सं बैठकीला गेले, पर त्यांचं पुस्तक तुमीच एकट्यानं वाचलंसा. त्या दिशी घरी आल्यावर मला सांगितलं त्यांनी. मानसिंगरावास्नी मधला भाग लय आवडला, अंगावर काटा आला म्हनले." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "जाईस्तोवर सांगत हुते आल्यागेल्याला."

आप्पांचा हात पिशवीतच राहिला. मी त्यांच्याकडं बघत होते, आता बोलतील, मग बोलतील. आत चहा उतू गेल्याचा आवाज आला आणि बाळाबाई उठल्या. त्या कपबशा घेऊन बाहेर आल्या तेव्हा आप्पांनी पिशवीतून फक्त पेढे काढले.

"वहिनी, पुस्तक अजून माझ्याकडंच हाय," ते म्हणाले. "ठिवू का?"

"ठेवा की. तुमच्याबिगर कोन वाचनार हाय त्ये."

परतीच्या गाडीत मी गप्प बसायचं ठरवलं होतं, पण कण्हेरचं धरण मागं पडल्यावर राहवलं नाही. एवढ्या लांब आलात ते कशाला, मग सांगितलं का नाही, असं मी जरा तोडूनच विचारलं.

"आगं, तिला ह्ये त्यानं सांगितलंय. सगळं कळल्यावर सांगितलंय," आप्पा म्हणाले. "आता मी खरं बोललो तर खोटा कोण पडतो? आबा."

साताऱ्यापर्यंत ते पिशवी मांडीवर धरून बसले होते. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "आसल्या मानसाशी बोलायची संधी दर आयतवारी हुती मला."