मिश्री सोडल्याची बातमी कुणी फोडली

मी मिश्री सोडतेय हे आईला कळू द्यायचं नव्हतं. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिली. डेअरीला दूध घालून तिनं मला शिकवलं. आता लेक शिकली आणि आपल्या सवयींना नाक मुरडायला लागली, असं तिला वाटलं असतं तर मला ते सहन झालं नसतं.

मिश्री मला तिच्याकडूनच लागली. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळी बोटानं दातांना लावत शेजारणींबरोबर ओट्यावर बसायचं. गावातल्या बातम्या तिथंच कळतात.

मी लवळ्याच्या एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. तिथे दातांच्या तपासणीचं शिबिर झालं. डॉक्टरीणबाईंनी माझ्या गालाच्या आतला पांढरा चट्टा आरशात दाखवला. म्हणाल्या, "मिश्री बंद करा आणि पुन्हा दाखवायला या." मी हादरलेच. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला तेवढं सांगितलं. तिनं सवयींची नोंद ठेवणारं एक अ‍ॅप माझ्या फोनमध्ये घालून दिलं. मिश्रीशिवाय सकाळ गेली की एक वर्तुळ भरायचं.

"ताई, ह्याला नाव नको, नंबर नको. सगळं तुमच्या फोनमध्येच राहतं."

माझा विश्वास बसेना. कासार आंबोलीला मावशीकडे एक गृहस्थ चहाला यायचे. बांध कुठवर आहे, भाऊ किती, पुण्यात कोण असतं, सगळं विचारायचे, वर म्हणायचे, "सहज विचारतोय." पुढे मावशीच्या जमिनीवर बंगले उभे राहिले. विचारणाऱ्याचं हे असं. मग हे अ‍ॅप तर काहीच न विचारता फुकट राबतंय, म्हणजे ह्याचा डाव आणखी मोठा असणार. मी नेट बंद करूनच ते उघडायची. सवयीच्या जागी मिश्री न लिहिता नुसतं "दात" लिहिलं होतं.

तरीही बातमी फुटली. एका सकाळी कामाला निघाले होते, तर ओट्यावरून शेजारच्या काकूंनी हाक मारली.

"काय गं साहेबीण, मिश्री सोडलीस व्हय?"

बाकीच्या हसल्या. आई हसली नाही, खाली बघत दात घासत राहिली. मी ऑफिसात पोचल्या पोचल्या त्या मुलीपुढे फोन धरला. तिनं परवानग्यांचं पान उघडून दाखवलं. तिथे काहीच नव्हतं, नेटसुद्धा नाही.

"अहो ताई, ह्याला बाहेर जायला दारच नाहीये."

"मग काकूंना कळलं कसं? तूच तर..."

"मी? मला तुमचं गावसुद्धा माहीत नाही!" ती रागावली. रागावणं खरं होतं, तरी दिवसभर मी तिच्याकडे चोरून बघत होते.

घरी आले तर मिश्रीचा डबा फळीवर नव्हता. आईनं तो काकूंकडे नेऊन ठेवला होता. आमच्या चुलीवर आता तंबाखू भाजायची नाही, असं तिनं ठरवलं होतं.

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"सांगायला कशाला पायजे? ओट्यावरची तुझी जागा रिकामी असती. आत कोंडून घिऊन ब्रश करतीस, मग फोनवर बोट फिरवतीस. आंधळ्या हाय का आमी?" ती भांडी घासत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "लाज वाटती न्हवं आमच्यात बसायची? वाटू दे. शिकलेल्या माणसाला वाटती."

ज्याला भीत होते तेच झालं होतं, आणि त्यात अ‍ॅपचा काही हात नव्हता. गावाचे डोळे विसरून मी फोनवर पाळत ठेवत बसले होते.

मी तिच्यासमोर बसले आणि चट्ट्याचं सांगितलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सगळं. आईचा हात थांबला. मग राखेचे हात धुऊन माझ्याजवळ आली.

"दुखतंय का गं?"

"नाही."

"माजं बी दुखत न्हाई." तिनं तोंड उघडलं. "बघ की."

मी मोबाइलची बॅटरी लावली. माझ्यासारखाच पांढरा चट्टा होता, माझ्यापेक्षा मोठा. "उद्या माझ्याबरोबर यायचं," एवढंच म्हणाले.

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि फोनकडे बोट केलं.

"त्यात माजं बी गोल काढ. पर नाव घालू नगंस. काय भरवसा न्हाई ह्या असल्यांचा."

मी नेट बंद आहे ना ते पाहिलं, आणि तिच्यासाठी दुसरं वर्तुळ काढलं.