रोहीच्या मांडीतला बाण

चुलतभावाचा फोन आला तेव्हा मी नवीन जालन्यात, बियाण्यांच्या ज्या कंपनीत नोकरी करतो तिच्या ऑफिसखाली मोटारसायकल लावत होतो. एरवी हा माणूस आधी जेवलास का विचारतो. त्या दिवशी सरळ म्हणाला, "गायरानातल्या खदानीत रोही पडलाय. जित्ता हाय. पण मांडीत बाण घुसलाय त्याच्या."

"कसला बाण?"

"पिसांपाशी लाल दोरा गुंडाळलाय. तू गुंडाळायचास तसा."

रोही म्हणजे नीलगाय. आमच्या राजूरकडच्या भागात रोह्यांनी पिकं खाणं हे पावसापाण्याइतकंच रोजचं झालंय. लोक शेताला जुन्या साड्यांचं कुंपण करतात, फटाके वाजवतात, डबे बडवतात. पण बाण कोणी मारत नाही, कारण बाण कोणाकडे नाहीच. होते ते माझ्याकडे. कॉलेजात असताना मी धनुर्विद्या खेळायचो. बांबूचं धनुष्य, बांबूचेच बाण, आणि ओळखू यावेत म्हणून प्रत्येकाला माझा लाल दोरा. नोकरी लागल्यावर ते सगळं गावी, शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे आई-वडील राहतात त्या शेतवस्तीवर, गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत टांगून ठेवलं ते तसंच राहिलं.

गाडी तशीच वळवली आणि गावाकडे निघालो. वाटेत एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. दोनच दिवसांपूर्वी, रविवारी, मी गावी गेलो होतो. भिंतीवरचं धनुष्य दिसलं, हात शिवशिवले, म्हणून भुसकटाचं पोतं उभं करून चार बाण सोडून पाहिले होते. सवय राहिली नव्हती. एक बाण पोत्यावरून मागच्या तुरीत गेला. विहिरीवरची मोटार चालू होती, तिच्या आवाजात काही ऐकू आलं नाही. तूर माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढलेली आणि शेंगांनी लगडलेली. बराच वेळ शोधला, सापडला नाही. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं.

राजूरला गणपतीच्या दर्शनाच्या गर्दीत गाडी अडकली. हारवाल्याच्या दुकानासमोर उभा राहून मी स्वतःलाच विचारत होतो, तुरीत तेव्हा रोही बसला असेल का? दिवसा ते तुरीतच दडून बसतात. पण लागला असता तर तो उधळला नसता? तूर हलली नसती? हलली होती का? जितका आठवू पाहत होतो तितकं ते चित्र पुसट होत गेलं. कधी वाटायचं शेंडे हलले होते, कधी वाटायचं वारा होता.

गायरानात पोचलो तर अर्धा गाव तिथं. मुरूम काढून काढून तिथं मोठा खड्डा झालाय, त्यालाच सगळे खदान म्हणतात. तळाला गुडघाभर चिखल. त्या चिखलात तो बसला होता. नर होता. राखाडी-निळं अंग, गळ्याखाली केसांचा झुपका, लहान सरळ शिंगं. इतक्या जवळून मी रोही कधी पाहिला नव्हता. मागच्या मांडीतून बाण तिरका वर आला होता, पिसं चिखलानं माखलेली, पण दोरा लाल दिसत होता.

काठावर भांडण चाललं होतं. एक जण म्हणत होता, नावातच गाय आहे, तिला मरू देता का? दुसरा म्हणत होता, माझा सगळा हरभरा हिनं खाल्ला तेव्हा तुम्ही कुठं होता? मी आलेलो दिसल्यावर दोघंही गप्प झाले. चुलतभाऊ माझ्याकडं न बघता म्हणाला, "फॉरेस्टचे लोक आलेत. डाक्टर पण आल्ते मघाच. सामान आणायला गेल्ते, आता येतेत."

वनरक्षक तरुण होता. त्यानं मला नीट पाहून घेतलं. "तुम्हीच ते धनुष्यवाले का?"

मी हो म्हणालो. पुढं काय बोलावं ते ठरत नव्हतं. बाण माझा आहे म्हणावं तर मी मारला असं होतं. मारला नाही म्हणावं तर तेही मला माहीत नव्हतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून आवाज आला, "मी मारला."

आमचे वडील होते. त्यांना आम्ही आबा म्हणतो. सत्तरी ओलांडलेली, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, हातात काठी. गर्दीतून वाट काढत ते पुढं आले आणि पुन्हा म्हणाले, "याला काय विचारून राह्यले? बाण मी मारला."

लोक हसले. वनरक्षकही हसला. "बाबा, बाजूला व्हा. पोराला वाचवायला बघताय ते कळतंय मला."

मलाही तसंच वाटलं. म्हणजे आबांनाही वाटतंय की मीच मारला. मी म्हणालो, "साहेब, रविवारी माझा एक बाण तुरीत गेला होता. तो लागला असेल तर मला माहीत नाही."

वनरक्षकानं एकदा माझ्याकडं, एकदा आबांकडं पाहिलं. "दरवेळी मारणारा सापडत नाही," तो म्हणाला, "आन् आज एका बाणाला दोन जण! आधी जनावर काढू, मंग बघू तुमचं."

डॉक्टरांनी लांब काठीला लावलेल्या सुईनं वरूनच इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं रोहीची मान लवायला लागली. डॉक्टर म्हणाले, जल्दी करा, आणि कोणीतरी खाली जाऊन मान धरा. झोपेत मान खाली पडली तर पोटातलं वर येईल आणि श्वास कोंडून मरेल. कोण जातंय याची चर्चा सुरू होण्याआधीच आबा काठी टाकून बसत-घसरत खाली उतरले होते. मी ओरडत त्यांच्या मागं उतरलो.

त्यांनी चिखलात बसकण मारली, रोहीचं डोकं मांडीवर घेतलं, उपरण्यानं त्याचे डोळे झाकले. मी पाय बांधले. जिवंत जनावराच्या अंगाची ऊब हाताला लागत होती आणि शेजारीच माझा बाण वर-खाली होत होता, श्वासाबरोबर. डॉक्टरांनी तो तिथं उपसू दिला नाही. रक्त वाहील म्हणाले. करवतीनं वरचा भाग कापला आणि तेवढा वनरक्षकाकडं दिला.

वरून ताडपत्री आली, दोन वासे आले, नाडे म्हणजे जाड दोर आले. आठ-दहा जण खाली उतरले. हरभऱ्यासाठी भांडणारा माणूसही उतरला. रोहीला ताडपत्रीवर ओढून वाशांना बांधलं. नाड्याचं दुसरं टोक ट्रॅक्टरला. चुलतभाऊ ट्रॅक्टर इंच-इंच पुढं घेत होता आणि आम्ही खालून खांदे लावून ढकलत होतो. मुरूम पायाखालून सुटत होता. आबा मान सोडायला तयार नव्हते, चढावरून ते गुडघ्यांवर रांगत वर येत होते.

अर्ध्यावर नाडा निसटला. सगळं ओझं एकदम आमच्या अंगावर आलं. मी खांद्यानं पेललं, कोणीतरी खाली दगड सारला, कोणी शिव्या दिल्या. त्या धांदलीत आबांचा आवाज ऐकू आला. ते रोहीशी बोलत होते. बैलाशी बोलावं तसं. "झालं, झालं राजा. आलंच आता."

मला काहीच समजेना. ज्यानं याच्यावर बाण सोडला म्हणून सांगितलं, तोच माणूस हा? का बाण सोडलाच नव्हता म्हणून इतकी माया? मला राग येत होता, कोणाचा ते कळत नव्हतं, आणि त्याच वेळी रडूही येत होतं. बहुतेक दमल्यामुळं.

शेवटी तो वर आला. ट्रॉलीत कडब्यावर घातला. वनरक्षक, डॉक्टर आणि ट्रॅक्टर भोकरदनच्या दिशेनं गेले. जाताना वनरक्षकानं आखाड्यावरचं धनुष्य आणि उरलेले बाण ताब्यात घेतले आणि आम्हा दोघांनाही जबाब द्यायला फॉरेस्टच्या ऑफिसात यायला सांगितलं.

संध्याकाळी आखाड्यावर आबांचे पाय धुताना मी विचारलं, "आबा, खरं सांगा. तुम्ही कशाला म्हणालात मी मारला?"

"मारला म्हून म्हणलो."

"कधी?"

"काल. दिवस मावळताना तूर हलत व्हती. डबा बडवला, उठंना. मंग ते तुझं धनुष्य घेतलं, वढलं आन् सोडला. भ्याव घालायला. लागला का न्हाई, मला काय दिसतंय?"

"मग रोही पळाला का?"

त्यांनी दुसरा पाय पुढं केला. "पळाला आसल. कायतरी पळालं. का त्यो आधीचाच बसलेला व्हता लागून? तुझा गेल्ता न्हाई का तिकडंच."

तुरीत कुठल्या बाजूला गेला ते मी खदानीवर सांगितलं नव्हतं, म्हणजे माझा बाण जाताना त्यांनी पाहिला होता. मी म्हणालो, "म्हणजे तुम्हाला वाटतं मी मारला?"

"तुला काय वाटतंय?"

"मला वाटतं तुम्ही मला वाचवायला बोललात."

"आन् तू मला वाचवायला बोलला आसं मला वाटलं," आबा म्हणाले. मग पाय माझ्या हातातून काढून घेत, जरा चिडूनच, "जाऊ दे. मंग मीच मारला आसल."

माय चुलीपाशी होती. ती म्हणाली, काल दिवस मावळताना हे बाजेवर पडलेले होते, मी स्वतः चहा आणून दिला. आबा म्हणाले, तो चहा परवाचा. त्यावर दोघांचं वाजलं आणि माझा प्रश्न बाजूलाच राहिला.

दोघांचेही जबाब झाले. मी माझं सांगितलं, आबांनी त्यांचं. जखम किती जुनी असेल हे अधिकाऱ्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, एक-दोन दिवस कमी-जास्त, बराबर सांगता येत नाही. प्रकरण अजून संपलेलं नाही. बोलावलं की आम्ही दोघं एकाच गाडीवर जातो. बाहेर बाकावर बसल्यावर आबा दरवेळी विचारतात, "आज काय सांगायचं?" मी म्हणतो, जे झालं ते.

तूर कापायला आली तेव्हा मी मुद्दाम सुट्टी काढून गेलो. दोन बाण गेले होते, एक रोहीला लागला, म्हणजे एक तुरीत असणार. मायला तो बांधाजवळ सापडला, जमिनीत तिरका रुतलेला. तिनं तो माझ्या हातात दिला. लाल दोरा, पिसं उंदरांनी कुरतडलेली. हा माझा की आबांचा? पोत्याच्या रेषेत होता म्हणावं तर थोडा डावीकडं. आबा कुठं उभे होते ते त्यांनी दाखवलं, नंतर म्हणाले, इथं नाही, तिथं. मी पुन्हा दोन्ही जागांवर उभा राहून पाहिलं. दोन्हीकडून तो तिथं जाऊ शकत होता.

तो बाण मी नेऊन अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला आणि माझाच प्रश्न विचारला, हा तुमचा की वडिलांचा?

त्याच दिवशी कळलं की रोही बरा झालाय, सोडायचाय. आबा म्हणाले, मला एकदा बघायचा. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, डोळ्यांवर काळा चष्मा होता. दुसऱ्या दिवशी मी त्यांना मागं बसवून फॉरेस्टच्या ऑफिसात घेऊन गेलो. पोचलो तोवर उशीर झाला होता. मागचा वाडगा, म्हणजे जनावरं ठेवायची तारेच्या कुंपणाची जागा, उघडा होता, आत अर्धा खाल्लेला चारा. वनरक्षक म्हणाला, सकाळीच डोंगराकडं नेऊन सोडला.

"लंगडत व्हता का?" आबांनी विचारलं.

"थोडा. पण पळाला चांगला. मागं वळून बघितलं बी न्हाई."

आबा चष्म्याआडून त्या चाऱ्याकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "आता कुणाच्या तरी तुरीत जाईल."

ते काळजीनं म्हणाले की तक्रारीनं, मला कळलं नाही. मी गाडी सुरू केली, ते मागं बसले, आणि गाव येईपर्यंत त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता.