मोड आलेली मेथी

जयगडहून रत्नागिरीला येताना एक मासेवाली एसटीत माझ्या शेजारी बसली होती. पायाशी माशांची टोपली. बसल्या बसल्या तिनं काकडी मोडून अर्धी माझ्या हातात ठेवली.

एमएस्सीला मी मेथीच्या गुणसूत्रांवर काम करत होते. गुणसूत्रं दुप्पट करणाऱ्या औषधात भिजवलेले मोड ओल्या रुमालात बांधून कॉलेजात नेत होते. ओल टिकली आहे का, हे बघायला मी रुमाल सोडला, तोच तिनं हक्कानं चिमूटभर उचलले.

"मेथी काय गो? साखरेवर बरी."

चिमूट ओठांपाशी गेली आणि मी तिच्या हातावर फटकन मारलं. अख्खी गाडी वळून बघू लागली.

"विष आहे ते, मावशी! पोटात नाही ना गेलं?"

तिनं आ करून रिकामं तोंड दाखवलं. मग तिची नजर माझ्या हातांवर गेली.

"नि तू गो बाय? उघड्या हातानं धरलंस? त्याच हातानं काकडी खाणार होतीस?"

मी काकडी धरलेल्या हाताकडे बघितलं. तिनं काकडी हिसकावून खिडकीबाहेर फेकली आणि आपलं पिण्याचं सगळं पाणी माझ्या बोटांवर ओतलं.

तिचं नाव विचारायचं राहिलं. हातमोजे चढवताना ते गार पाणी मला अजून जाणवतं.