सावंतांचा गोळा आणि माझं नाक

शाळेच्या लॅबमध्ये दरवर्षी काचेचं सामान कमी होतं आणि किस्से वाढतात. फुटलेलं सामान पेपरात गुंडाळून टाकून तरी देता येतं, किस्से टाकवत नाहीत. मी मुलुंडच्या एका मराठी शाळेत नववीला विज्ञान शिकवते. लॅब सांभाळतात ते सावंत, मूळचे कणकवलीकडचे. शिक्षण दहावी, पण प्रयोग माझ्यापेक्षा झकास करतात. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

*

वस्तू उंचावर नेली की तिच्यात ऊर्जा साठते, ती स्थितिज ऊर्जा. सोडली की तिचीच गती होते. हे दाखवायला आम्ही ट्रेमध्ये रेती पसरून वरून गोटी टाकतो. जितकी उंची जास्त, तितका खड्डा खोल. एका वर्षी वेळेवर रेती मिळाली नाही, तर सावंतांनी घरून बेसन आणलं. प्रयोग एकदम मस्त झाला, खड्डे तर रेतीपेक्षा सुबक!

दुसऱ्या दिवशी डबा खाताना त्यांनी मला पिठलं वाढलं. दोन वाट्या संपवल्यावर मला शंका आली.

"सावंत, हे कालचं बेसन तर नाही ना?"

"चाळून घेतलंय, बाई! गोटी एक पण नाय त्यात."

*

आमची लॅब सगळ्यात वरच्या मजल्यावर, थेट पाण्याच्या टाकीखाली. आणि आमच्याच नळाला करंगळीएवढी धार. मुख्याध्यापिका तपासायला आल्या. "टाकी तुमच्या डोक्यावर, आणि पाणी जोरात तळमजल्याला? असं कसं?"

मी फळ्यावर आकृती काढली. टाकीपासून नळ जितका खाली, तितका पाण्याला जोर जास्त. पंधरा मिनिटं मी जीव तोडून समजावलं. त्याही मान डोलावत होत्या. मला वाटलं, चला, एवढ्या वर्षांत कुणाला तरी कळलं!

"आलं लक्षात," त्या उठत म्हणाल्या. "टाकीच खाली घेऊ या."

*

पण आमची खरी शान म्हणजे गोळा. गोळाफेकीचा लोखंडी गोळा जाळीच्या पिशवीत घालून छताच्या हुकाला टांगायचा. मग कपाटाला पाठ टेकून उभं राहायचं, गोळा नाकाजवळ आणायचा आणि अलगद सोडायचा. तो समोर जातो, परत येतो आणि नाकाच्या अलीकडे थांबतो. ज्या उंचीवरून सोडला तिच्या वर तो जाणारच नाही, कारण जादा ऊर्जा त्याला दिलीय कुणी? नियम दोनच: ढकलायचं नाही आणि जागेवरून पुढे झुकायचं नाही.

एकदा पीटीचे सर म्हणाले, "गोळा माझा, मान माझा!" उभे राहिले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी गोळा हातात घेतला, छाती फुगवली आणि वीस वर्षांच्या सवयीने तो फेकला!

परत येणारा गोळा बघून सर खाली बसले म्हणून वाचले. कपाटाच्या दाराला मोठा पोचा पडला. सर बसल्या बसल्या म्हणाले, "अंतर मोजा रे!"

*

तेव्हापासून गोळ्यासमोर फक्त सावंत. डोळे उघडे, हाताची घडी, चेहरा बँकेच्या लाइनीत असल्यासारखा. मी बाजूला उभी राहून समजावायची. परीक्षेत प्रश्न घातला, "गोळा नाकाला का लागत नाही?" एकाने लिहिलं, "कारण सावंत काका हलत नाहीत."

दोनपैकी एक मार्क दिला. खरं तर दोन द्यायला हवे होते.

*

यंदा सावंत रिटायर होणार. त्यांच्या शेवटच्या आठवड्यात गोळा टांगला, आणि पहिल्या बाकावरची तन्वी उभी राहिली. "बाई, तुम्ही कधीच का नाही उभ्या राहत? तुमचा विश्वास नाही का?"

काय सांगू, मला त्या गोळ्याची भीती वाटते! सूत्र पाठ आहे, शेकडो मुलांना शिकवलंय, पण गोळा परत येताना दिसला की माझ्या पोटात गोळा येतो. आता नाही म्हटलं असतं, तर या मुलीने यापुढे माझं एक अक्षर खरं मानलं नसतं. आणि पुढच्या वर्षी समोर उभे राहायला सावंतही नसणार होते.

"त्यात काय!" मी म्हटलं आणि कपाटाच्या पोच्याला पाठ टेकली.

"थांबा बाई, अ‍ॅप्रनची नाडी सुटलीये," म्हणत सावंत माझ्या मागे काहीतरी खुडबुड करून बाजूला झाले.

गोळा नाकाजवळ आणला. सोडला. डोळे गच्च मिटले. वारा आला नाकावर. मग मुलांचा एकच गलका! डोळे उघडले तर गोळा परत निघालेला, नाक जागच्या जागी. असा आनंद मला बी.एड.च्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

सावंतांनी गोळा पकडून थांबवला. मी ऐटीत तन्वीकडे पाऊल टाकलं आणि तिथल्या तिथे मागे खेचली गेले. कपाटाचं दार खडखडलं. माझ्या अ‍ॅप्रनची नाडी कपाटाच्या कडीला बांधलेली होती. दोन गाठी मारून!

वर्ग खो खो हसत सुटला. तन्वीने विचारलं, "काका, तुमचाच विश्वास नव्हता गोळ्यावर?"

सावंत शांतपणे गाठ सोडत म्हणाले,

"गोळ्याचो माका भरवसो आसा. बाईंचो नाय!"